लाल खुळखुळ्याचा खण

हॅचर फेरी, अलाबामा
९ डिसेंबर

प्रिय नोरीन,

या पत्राबरोबर एक पेटी येईल. पत्र आधी वाच आणि पेटी नंतर उघड. हा हट्ट नव्हे, क्रम आहे. आणि क्रमाला कारण असते, हे मी तुला तू नऊ वर्षांची असल्यापासून ऐकवत आलो आहे. पेटी तुझ्या ओळखीची आहे. तीच गळांची आणि आमिषांची, हिरवी, चार खणांची, तुटलेल्या कडीच्या जागी तुझ्या आईने बुटाची नाडी बांधलेली. गेल्या महिन्यात मी बोट देऊन टाकली. माझ्या उजव्या हाताला कंप सुटला आहे. डॉक्टरांनी त्याला लांबलचक नाव दिले आहे, पण व्यवहारात त्याचा अर्थ इतकाच की दोरीला गळाची गाठ मला मारता येत नाही. बर्ल पुकेटचे म्हणणे असे की गाठी तो मारून देईल, मी फक्त फेकावे. चाळीस वर्षे एका बोटीत बसलेल्या माणसाने असे म्हणणे त्याला शोभते. ते स्वीकारणे मला शोभत नाही. म्हणून बोट गेली आणि पेटी तुझ्याकडे येते आहे. हे पत्रही टंकयंत्रावर दोन बोटांनी लिहितो आहे. सही तेवढी हाताने करीन, आणि ती वाकडी असेल.

अकरा वर्षे झाली. या अकरा वर्षांत तू या घरी एकदाच आलीस, तुझ्या आईच्या अंत्यविधीला, आणि तेव्हाही गाडी अंगणात न आणता रस्त्यावर उभी केलीस. कारण तुला ठाऊक आहे आणि मलाही. ते मी टाळणार नाही. दुसऱ्या खणाशी पोहोचलो की ते येईलच. पण मी आयुष्यभर कॉलेजात तर्कशास्त्र शिकवले, आणि जे मांडायचे ते पायरीपायरीने मांडल्याशिवाय मला बोलता येत नाही. तुझी आई याला रोग म्हणायची. तिने निदान केलेले बाकीचे रोगही खरे ठरले होते.

तेव्हा आधी पेटीबद्दल. तुझ्या मिनेसोटात तळ्यांवर एप्रिलपर्यंत बर्फ असतो असे ऐकतो, त्यामुळे आमचा कुठलाच महिना तुझ्या उपयोगाचा नाही. महिना विसर, पाण्याचा पारा पाहा. पाण्याच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या मुलीला हे सांगावे लागू नये. तुम्ही लोक सेल्सियसमध्ये मोजता. मी फॅरनहाइटमध्येच लिहितो, रूपांतर तू कर.

पहिला खण हिवाळ्याचा. पारा पन्नासाच्या खाली गेला की बास मासा उपाशी नसतो, आळशी असतो. जवळून गेलेला घास तो घेतो, लांबच्या घासामागे धावत नाही. म्हणून या खणात दोनच प्रकार ठेवले आहेत. एक, शिशाच्या डोक्याचे आणि तपकिरी झालरीचे जिग, म्हणजे ते जड गळ. ते तळाला टेकवायचे आणि दगडादगडावरून इतके हळू ओढायचे की आपल्यालाच आपली लाज वाटावी. दुसरा तो लांबट नकली मासा, जो पाण्यात ना बुडतो ना तरंगतो, जिथे सोडला तिथे लटकून राहतो. त्याला दोन हलके झटके द्यायचे आणि थांबायचे. मासा झटक्याला येत नाही, थांबण्याला येतो. किती थांबायचे याबद्दल ग्रंथ लिहिले गेले आहेत. मी तुला वीस आकडे मोजायला सांगितले होते. त्या जानेवारीत तू नऊ वर्षांची होतीस, तुझ्या नाकाचा शेंडा जांभळा पडला होता, आणि तू ओठ हलवत एक ते वीस मोजत होतीस. वीस म्हणजे वीस. मी स्वतः बाराला झटका देत होतो, कारण मला थंडी वाजत होती आणि मला कोणी पाहत नव्हते. त्या दिवशी तुला तीन मासे लागले, मला एकही नाही. बर्लने विचारले की प्रोफेसर, पोरीकडे काय जादू आहे. मी त्याला सांगितले की पाण्यातला नशिबाचा भाग मोठा असतो. ते खरे नव्हते, आणि हे मी आज प्रथमच कबूल करतो आहे. हा प्रसंग लक्षात ठेव. शेवटी मला त्याची गरज पडणार आहे.

दुसरा खण वसंताचा. पारा पन्नासाच्या वर चढू लागला की खोल पाण्यातल्या माद्या उथळ पाण्याकडे निघतात, आणि वाटेत पाणगवताच्या कडेला थांबून खातात. त्या दिवसांत तळाशी लाल रंगाचे झिंगे बाहेर पडलेले असतात, म्हणून आमिषही लाल. इथे चालतो तो खुळखुळा: पोटात छरे असलेला, चपटा, तीनतोंडी दोन गळांचा. तो गवतात बुडू द्यायचा, अडकू द्यायचा, आणि मग मनगटाने हिसका देऊन सोडवायचा. गवतातून सुटण्याच्या त्या क्षणी मादी झडप घालते. पुढे पारा साठाच्या वर गेला की ती घरट्यात अंडी घालते, आणि तेव्हा लोक प्लास्टिकचा सरडा घरट्यावर सोडतात. तिला भूक नसते, राग असतो. अंडी खाणाऱ्याला ती तोंडात धरून बाहेर टाकू पाहते आणि गळाला लागते. तो सरडा तू कधीच वापरला नाहीस. आईला घरट्यावरून ओढायचे आणि तिचे वजन करायचे, हे तुला मान्य नव्हते. मी तेव्हा तुझ्याशी वाद घातला होता आणि वाद जिंकलो होतो. सरडे अजून त्यांच्या पिशवीतच आहेत, न फोडलेले.

या खणात लाल खुळखुळे पाच आहेत. सहाव्याची जागा रिकामी दिसेल. तो सहावा तुझ्या आईने रंगवलेला होता: बाजारी लाल तिला पसंत नव्हता, म्हणून तिने स्वतःच्या नखांचा रंग त्यावर दोन हात चढवला होता आणि डोळ्याच्या जागी काळा ठिपका दिला होता. आता त्या शनिवारबद्दल लिहितो.

आपल्या मासेमारी क्लबचे नियम मीच लिहिले होते आणि वसंतातल्या त्या स्पर्धेचा पंचही मीच होतो. चौथा नियम: आमिष कृत्रिमच असावे, जिवंत मासा आमिष म्हणून वापरल्याची खूण बोटीत किंवा पकडलेल्या माशात आढळल्यास स्पर्धकाचे सगळे वजन बाद. आदल्या वर्षी पलीकडच्या तळ्यावर दोघे जण बादलीत जिवंत शॅड, म्हणजे बास ज्यांवर जगतो ते चंदेरी छोटे मासे, लपवून नेताना सापडले होते, त्यामुळे त्या वसंतात जो तो दुसऱ्याच्या बोटीत डोकावत होता. अठ्ठेचाळीस माणसे, त्यांत बाई तू एकटी. जोड्या पाडताना तुझ्या वाट्याला आलेल्या माणसाची पाठ सकाळी अचानक धरली. त्याच्या जागी दुसऱ्याला विचारले तर त्याला बायकोने बजावले होते. तिसऱ्याने कारणही दिले नाही. तू म्हणालीस की मग मी एकटी जाते, ते नियमात बसते. बसत होते. तुझ्या बोटीत कोणी बसायला तयार नव्हते, आणि दुपारी तुझ्या बाजूने साक्ष द्यायलाही कोणी नव्हते. या दोन गोष्टींचा परस्परसंबंध माझ्यासारख्या माणसाला त्याच दिवशी दिसायला हवा होता.

दुपारी तीनला तू पाच मासे घेऊन धक्क्याला लागलीस. वजनकाट्यावर बर्ल होता; स्वतःचे मासे तोलून तो आधीच मोकळा झाला होता. सगळ्यांत मोठी मादी त्याने जबड्याला धरून उचलली. काटा सव्वाआठ पौंडांवर थांबला. तेवढ्यात तिच्या घशातून एक शॅड शेपटीकडून घसरत बाहेर आला आणि फळीवर पडला. ताजा होता, चकचकीत, बोटभर. त्याच्या पाठीवरच्या पराच्या मागे आरपार भोक होते. जिवंत शॅड गळाला लावणारा माणूस गळ तिथूनच घालतो, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होते. मागून कोणीतरी म्हणाले, "झालं. बाईसाहेबांनी बादली नेली होती." आणि अठ्ठेचाळीस चेहरे माझ्याकडे वळले.

मी तुला चार प्रश्न विचारले. मादी कशाने लागली. तू म्हणालीस लाल खुळखुळ्याने, वीस मिनिटांपूर्वी, शेवटच्या फेकीला. बोटीत कोण होते, कोणी नाही. शॅड तिच्या घशात कसा आला. तू म्हणालीस की तिने खाल्ला असेल, मासे मासे खातात, आणि दोघेचौघे हसले. भोक कसे पडले. तू म्हणालीस मला माहीत नाही. तुझ्या या अज्ञानाला मी कबुलीचे वजन दिले. मग मी निर्णय सांगितला, आणि तो दीड पानात लिहूनही ठेवला. त्याचा सांगाडा असा होता: आमिष म्हणून लावलेल्या शॅडच्या पाठीत भोक असते, या शॅडच्या पाठीत भोक आहे, म्हणून हा शॅड आमिष होता. दर सप्टेंबरला पहिल्या वर्षाच्या मुलांना मी नेमका हाच हेत्वाभास फळ्यावर लिहून दाखवत असे. पाऊस पडला की अंगण ओले होते. अंगण ओले आहे म्हणून पाऊस पडला असे नव्हे, शेजाऱ्याने झाडांना पाणी घातले असेल. जी मुले यात चुकत त्यांना मी नापास करत असे.

निर्णय ऐकल्यावर तू एकच वाक्य बोललीस. "डॅडी, मी हे केलं असं तुम्हाला वाटतं का?" मी म्हणालो की मला काय वाटते हा इथे मुद्दाच नाही. पुरावा म्हणून मी खुळखुळा मागितला. तू तो दोरीपासून कापून माझ्यासमोर ठेवलास. मग त्या मादीला दोन्ही हातांत घेऊन धक्क्याच्या पायऱ्या उतरलीस, गुडघाभर पाण्यात उभी राहिलीस, आणि तिचे कल्ले चालू होईपर्यंत तिला सरळ धरून ठेवलेस. बराच वेळ लागला. वर लोक पुढच्या वजनाकडे वळले होते. ती गेल्यावर तू हात पँटला पुसलेस आणि गाडीकडे चालू लागलीस.

त्यानंतर काय झाले ते तुला ठाऊक नाही. माझे अभिनंदन झाले. रविवारी चर्चच्या दारात, पोस्टात, केशकर्तनालयात लोक माझा हात हातात घेऊन म्हणत की प्रोफेसर, स्वतःच्या मुलीलाही सोडले नाहीत. त्या हस्तांदोलनांची मला गोडी लागली होती, हे मी इथे नोंदवतो. पंच म्हणून मी पुढची अकरा वर्षे बिनविरोध राहिलो. क्लबच्या सभागृहात विजेत्यांची नावे कोरलेली ओकची फळी आहे. त्या वर्षीची ओळ कोरी आहे, कारण दुसऱ्या क्रमांकाच्या माणसाने ती जागा घ्यायला नकार दिला. त्याचे मला त्या वेळी आश्चर्य वाटले. त्या माणसाला तर्कशास्त्राचा गंध नव्हता.

तिसरा खण उन्हाळ्याचा. पारा ऐंशीवर गेला की दिवसाचे दोन भाग कर. सूर्य डोंगराआड असेपर्यंत पाण्याच्या पृष्ठावर नागमोडी चालणारा तो सिगारेटसारखा लाकडी तुकडा. ऊन आले की तो पेटीत ठेव आणि खोलात जा. जुन्या नदीपात्राच्या कडेला, जिथे तळ एकदम खाली उतरतो, तिथे मोठे मासे सावलीसाठी आणि गारव्यासाठी एकत्र उभे असतात. त्यांच्यासाठी रुंद ओठाचा, खोल बुडणारा पोटफुगा नकली मासा आहे. तो तळावर आपटत आणायचा. आणि मासे नुसते त्याच्या मागे लागून परतत असतील, तर दहा इंची जांभळे प्लास्टिकचे गांडूळ. गांडूळ ही तुझ्या आईची हद्द. ती बोटीत फारशी यायची नाही. आली की टोपलीत केळ्याचा पाव घेऊन यायची, आणि बोटीत केळे म्हणजे दिवस बुडाला अशी बर्लची श्रद्धा असल्यामुळे तो तिला दर खेपेला विनवायचा की व्हर्ना, बाई, निदान झाकून तरी ठेव. ती त्याच्याच देखत एक तुकडा खायची, गांडूळ तळाला सोडायची, आणि आमच्या दोघांच्या माशांच्या मिळून वजनापेक्षा मोठा मासा वर आणायची.

त्या शनिवारच्या संध्याकाळी मी तिला निर्णय वाचून दाखवला. तिने पूर्ण ऐकला. माझ्या कुठल्याही पायरीवर तिने आक्षेप घेतला नाही. नंतर म्हणाली, "हायरम, तू मेलेल्या माशाचं ऐकलंस आणि जिवंत पोरीचं नाही." मी तिला सांगितले की हे भावनेचे वाक्य आहे, प्रतिवाद नव्हे. ती म्हणाली हो, भावनेचंच आहे, आणि उठून बीन्स निवडायला लागली. पुढची पाच वर्षे ती दर रविवारी तुझ्याशी फोनवर बोलायची आणि तेवढा वेळ मी पुढच्या ओसरीत जाऊन बसायचो. ती मला तुमचे बोलणे कधी सांगायची नाही. तुझी बदली झाली, तुला चष्मा लागला, तू पुन्हा मासे धरायला लागलीस आणि गळाची काठी डाव्या हाताने वापरतेस, हे सगळे मला तिच्या वहीतून कळले, ती गेल्यानंतर.

चौथा खण शरदाचा, आणि इथून पुढे हे पत्र माझ्यासाठी कठीण आहे. पारा सत्तरीच्या खाली उतरला की शॅडचे थवे ओढ्यांच्या मुखाकडून आत, उथळ टोकांकडे सरकतात आणि बास त्यांच्या मागोमाग जातात. या दिवसांत विचार सोपा असतो: शॅड जिथे, मासा तिथे, शॅड जसा दिसतो, आमिष तसे. पांढऱ्या झालरीची, दोन चमकत्या पात्यांची फिरकी, आणि चंदेरी खुळखुळा. भराभर फेकायचे, भराभर ओढायचे. बास त्या वेळी हावरा असतो. घशात एक शॅड असताना दुसऱ्यावर झडप घालतो. हे वाक्य पुन्हा वाच. मी ते चाळीस वर्षे लोकांना सांगत आलो होतो आणि त्याचा अर्थ मला यंदाच्या ऑक्टोबरात कळला.

चौदा तारखेची सकाळ होती. बर्ल मागे बसला होता, मी पुढे. गाठ त्यानेच मारून दिली होती, आणि ती माझी शेवटची फेरी असणार हे आम्हा दोघांनाही ठाऊक होते. चंदेरी खुळखुळ्याला एक मादी लागली, साधारण तीन पौंडांची. बोटीत घेतली तर मागचा तीनतोंडी गळ तोंडात दिसेना. तिचा जबडा उघडून आत पाहिले. ती शॅड खाऊन आली होती. शॅड डोक्याकडून गिळलेला, शेपूट अजून घशाशी. गळाचे एक टोक तिच्या ओठाच्या आतल्या बाजूला होते. दुसरे त्या शॅडच्या पाठीत, पराच्या मागे, आरपार. माझा हात थरथरत होता म्हणून बर्लने चिमट्याने गळ सोडवला. शॅड शेपटीकडून घसरत बाहेर आला आणि बोटीच्या तळाशी पडला. ताजा, चकचकीत, बोटभर. भोक जिथे हवे तिथेच होते.

आम्ही दोघे त्याच्याकडे पाहत राहिलो. मग बर्ल म्हणाला, "प्रोफेसर, आता हिलाही बाद कर."

मी मादी पाण्यात सोडली. मग मी त्याला विचारले की असे होऊ शकते हे तुला तेव्हा सुचले होते का. तो म्हणाला, "सुचलं होतं. पण तू एकदा बोलायला लागलास की मध्ये शिरायला फट सापडत नाही. आणि खरं सांगू, ती हरली याचं मलाही थोडं बरं वाटलं होतं. माझ्यापेक्षा दोन पौंडांनी पुढं होती." एवढे बोलून तो रडला. पंचाहत्तर वर्षांचा माणूस बोटीत बसून टोपीने तोंड पुसत होता.

घरी येऊन मी लिहिण्याच्या टेबलाचा खालचा खण उघडला. तुझा खुळखुळा तिथे पाकिटात होता. पाकीट मी त्याच शनिवारी चिकटवले होते, वर तारीख आणि 'नियम चार' असे लिहिले होते, आणि त्यानंतर एकदाही उघडले नव्हते. पुरावा जपणे म्हणजे पुरावा पाहणे असा माझा समज असावा. आईच्या नखांचा रंग अजून तसाच आहे. मागच्या गळाच्या एका टोकाला, काट्याच्या खाली, एक वाळलेले खवले अडकलेले होते. मी ते भिंगाखाली धरले. बासच्या खवल्याची कड कंगव्यासारखी खरखरीत असते. ही कड गुळगुळीत, पातळ, गोल होती. शॅडची होती. म्हणजे भोक पाडणारा गळ तोच होता, जो तू माझ्यासमोर ठेवला होतास. तुझ्या निर्दोषत्वाचा पुरावा तू स्वतः माझ्या हातात दिलास आणि मी तो अकरा वर्षे कुलपात ठेवला.

जानेवारीत क्लबचे वार्षिक जेवण आहे. मी उभा राहून निर्णय मागे घेऊ शकतो. बर्लला साक्ष द्यायची आहे, त्याने कोट इस्त्रीला टाकलासुद्धा आहे. फळीवरची कोरी ओळही कोरता येईल. पण यातले काहीही मी तुला विचारल्याशिवाय करणार नाही. मागच्या खेपेला तुझ्याबद्दलची गोष्ट मी तुझ्यावाचून ठरवली होती. तू नको म्हणालीस तर ओळ कोरीच राहील आणि ती का कोरी आहे हे मी विचारणाऱ्याला सांगेन. तू काहीच कळवले नाहीस, तर तेही उत्तर समजेन.

आता शेवटची पायरी. पुरावा मिळाला चौदा ऑक्टोबरला. आज नऊ डिसेंबर. मधल्या आठ आठवड्यांत मी निर्णय मागे घेणारी चार पत्रे लिहिली. चारही निर्दोष होती. नवा पुरावा पुढे आल्यामुळे पूर्वीचा निष्कर्ष टिकत नाही, असे चारही म्हणत होती, आणि चारही मी फाडली, कारण ती खोटी होती. त्या शनिवारी तू मला जो प्रश्न विचारलास त्याचे उत्तर खवल्यात नाही. तो मुद्दा नाही असे मी म्हणालो, कारण उत्तर मला माहीत होते. नाही, नोरीन. तू ते केलेस असे मला वाटले नव्हते. एक क्षणही नाही, त्या वजनकाट्यापाशी उभा असतानाही नाही. जी मुलगी गारठलेल्या ओठांनी वीस म्हणजे वीस मोजत होती, तिला मी ओळखत होतो. पण ते मी कशावरून सिद्ध करणार होतो, आणि अठ्ठेचाळीस माणसे पाहत होती, आणि परक्याला दिला असता तो संशयाचा फायदा तुला दिला तर ते पक्षपात म्हणतील याची मला भीती वाटली. मला जे माहीत होते त्यापेक्षा जे मांडता येत होते ते मी निवडले. हे पत्र एवढ्यासाठीच लिहिले. पेटी निमित्त आहे. खुळखुळा पाकिटात आहे, पाकीट उघडे आहे, खवले मी काढलेले नाही. दुसऱ्या खणातली सहावी जागा त्याची आहे; तिथे ठेवायचा की नाही, ते तू ठरव. मी आता वीस मोजायला घेतो आहे, आणि या खेपेला बाराला झटका देणार नाही.

तुझाच,
ज्याला तू डॅडी म्हणायचीस तो,
हायरम